मिसाळांची सगळी कामं

समोरच्या लाकडी स्टुलावर कुणी येऊन बसलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आतापर्यंत काय काय केलं?" माणूस जालन्याचा असो, अंबडचा असो नाहीतर भोकरदनहून सकाळच्या एसटीनं आलेला असो, त्याचं उत्तरही ठरलेलंच. "काही विशेष न्हाई." मग मी चहा सांगायची. चहा अर्धा संपेस्तोवर त्या 'काही विशेष न्हाई'मधून विहीर खणणं निघे, बँड पथकात ढोल वाजवणं निघे, मामाच्या पिठाच्या गिरणीत काढलेली वर्षं निघत. हे सगळं ऐकायचं, निवडायचं आणि एका पानावर बसवायचं, हा माझा धंदा. लोक मला टायपिंगवाल्या मॅडम म्हणत. मी स्वतःला बायोडाटा लिहिणारी म्हणते.

जालना जिल्हा झाला तेव्हा मी नुकत्याच मराठी आणि इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा पास झाले होते. गावात रोज एखाद्या नव्या ऑफिसची पाटी लागायची आणि प्रत्येक पाटीच्या आत टायपिस्टची एक खुर्ची रिकामी असायची. वडिलांची इच्छा होती की त्यातल्या एका खुर्चीत मी जाऊन बसावं. पण दिवसभर साहेबाचीच पत्रं बडवायची म्हटलं की माझा जीव घाबरा व्हायचा. मला येती-जाती माणसं हवी होती. शेवटी वडिलांनीच एक जुनं मशीन आणून दिलं आणि एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं छोटं दुकान सुरू झालं. कोर्टाची कामं कोर्टाजवळचे टायपिस्ट करत. माझ्याकडे आले ते नोकरी शोधणारे.

बाहेरच्या माणसाला हे काम फार सोपं वाटतं. नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव, खाली सही. पण 'अनुभव' या एका शब्दापाशी सगळी गाडी अडते. ज्यानं एकच नोकरी केली त्याला लिहायला काही नसतं आणि ज्यानं दहा कामं केली त्याला लिहायला लाज वाटते. एक पदवीधर मुलगा आला होता. त्यानं मला सांगितलं, "'अनुभव आहे' असं टाका." मी विचारलं, "कसला?" तो शांतपणे म्हणाला, "बेकारीचा. पण तसं लिहू नका."

भोकरदनकडचा एक पैलवान होता. त्याला लोखंडाच्या मिलमध्ये वॉचमनची जागा हवी होती. त्यानं कुठल्या जत्रेत कुणाला चीत केलं ते एका दमात सांगितलं आणि मी ते बऱ्यापैकी टाइप केलं. कागद हातात घेऊन तो दारापर्यंत गेला आणि परत आला. "यात एक नाव ऱ्हायलं मॅडम. मला ज्यानं पाडलं त्याचं."

"अहो, ते कशाला? नोकरीच्या अर्जात हरलेली कुस्ती कोणी लिहितं का?"

"लिव्हा तुम्ही. तो लई मोठा पैलवान हाय. त्याच्या हातून पडणं बी सोपं न्हाई."

मी लिहिलं. नोकरी मिळाली की नाही, मला कधीच कळलं नाही. या धंद्यातली माझी खरी खंत हीच. डॉक्टरला पेशंट बरा झालेला दिसतो, शिंप्याला आपण शिवलेला सदरा लग्नात दिसतो. माझ्याकडून बायोडाटा नेलेला माणूस मात्र नोकरी लागली की पुन्हा दिसत नाही, आणि नाही लागली की दुसऱ्या टायपिस्टकडे जातो. दुकानात किती माणसांचं आयुष्य माझ्या बोटांखालून गेलं, पण गोष्टीचा शेवट तेवढा कायम दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात घडला.

म्हणून मिसाळांची गोष्ट सांगते. तिचा शेवट मी डोळ्यांनी पाहिला.

तोवर माझ्या दुकानातून टाइपरायटर गेला होता. कॉम्प्युटर आले, मग इंटरनेट आलं, बाहेर 'सायबर कॅफे' अशी पाटी लागली. ज्या पोरांना मी दुकानातच फावल्या वेळात टायपिंग शिकवलं ती पुण्या-मुंबईत कंपन्यांत बसली होती. त्यातल्याच प्रज्ञा नावाच्या एका विद्यार्थिनीनं मला पुण्याहून फोन करून सांगितलं, "मॅडम, कागदाचा बायोडाटा आता जुना झाला. कामाधंद्याच्या ओळखींसाठी एक वेबसाइट आहे. तिथं आपलं पान उघडायचं. फोटो लावायचा, नावाखाली एक ओळ लिहायची, त्याखाली केलेली कामं. जगभरातले कंपनीवाले ते बघतात."

"आणि डाकेनं पाठवायचं काय?"

"काहीच नाही. पान तिथंच असतं. तुम्ही झोपलात तरी कोणीतरी वाचत असतं."

मला तर त्या दिवशी काही सुचेना! इतकी वर्षं मी एका माणसाचा कागद एका साहेबासाठी टाइप करत होते, आणि आता तोच कागद जणू चौकात लावता येणार होता. मी पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या पोरांची पानं केली. सोपं काम. कॉलेज, टक्के, प्रोजेक्ट, संपलं.

आणि एके दिवशी सकाळी एक बाई नवऱ्याला दंडाला धरून दुकानात घेऊन आली.

"ताई, ह्यांचं इंटरनेटवर टाकायचं हाय," ती म्हणाली. "आमच्या गावातल्या इंजिनेर पोराचं तुम्ही टाकलं, त्याला नोकरी लागली. ह्यांचं बी टाका."

ही वत्सला मिसाळ. घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका, हिरवी साडी, आवाज खणखणीत. दंडाला धरलेले ते भगवान मिसाळ, तिचे यजमान. उंच, सडपातळ, पंचेचाळिशीच्या आसपासचे. ज्या लोखंडाच्या मिलमध्ये ते वायरमनच्या हाताखाली होते ती नुकतीच बंद पडली होती. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते वाकून माझ्या प्रिंटरच्या पोटात बघत होते.

"ह्याचा रोलर घासलाय मॅडम," ते म्हणाले. "म्हणून कागद तिरपा येऊन ऱ्हायला."

"आधी बसा," वत्सला म्हणाली. "लोकाची मशीन नंतर बघा."

मी माझा प्रश्न विचारला. त्यांनी वत्सलाकडे पाहिलं. वत्सला म्हणाली, "सांगा की. गाव तर सांगतंच हाय. धरसोड्या म्हनतंय सगळं गाव."

भगवान मिसाळ सांगू लागले, आणि मी टाइप करायचंच विसरले. तरुणपणी ते तंबूतल्या सिनेमात मशीन चालवायला होते. जत्रा लागली की मैदानात तंबू उभा राहायचा, समोर पडदा, मागे प्रोजेक्टर. त्यात कोळशाच्या दोन कांड्या जळत. त्यांच्यातलं अंतर नजरेनं सांभाळावं लागे, नाहीतर पडद्यावर अंधार आणि तंबूत शिट्ट्या. गावोगावी व्हिडिओ आला आणि तंबू गुंडाळले गेले. मग त्यांनी भाड्यानं टीव्ही-व्हिडिओ आणि जनरेटर घेऊन वस्त्यांवर पिक्चर दाखवले. घरोघरी टीव्ही आल्यावर तेही बंद. मग केबलच्या वायरी ओढल्या. केबलवाला मोठा झाला, त्याला मोठी माणसं मिळाली. मग घनसावंगी-अंबड रस्त्यावर माणसं भरून नेणारी वडापची जीप चालवली. मग कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. त्यानंतर बियाणं कंपनीच्या कापसाच्या प्लॉटवर क्रॉसिंगचे मुकादम.

हे क्रॉसिंग म्हणजे संकरित बियाणं तयार करण्यासाठी एका झाडाच्या फुलाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला हातानं लावणं. आमच्या जिल्ह्यात बायांचे थवेच्या थवे हे काम करतात. मिसाळ त्यांना शिकवायचे. मग एसटीडी बूथ टाकला. मोबाइल आला, बूथला कुलूप. शेवटी मिल.

"इतकी कामं सोडली तुम्ही?" मी विचारलं.

पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "मी एक बी काम सोडलं न्हाई मॅडम. कामच मला सोडून गेलं. दरवेळी मी दारात उभा ऱ्हाऊन बघत ऱ्हायलो."

वत्सला पदराशी चाळा करत होती.

मग मी माझ्या अनुभवाप्रमाणे काम केलं. धंद्याचा जुना नियम असा की नको ते गाळायचं आणि हवं ते ठेवायचं. मी जिनिंग ठेवलं, बियाणं कंपनी ठेवली, मिल ठेवली, बाकी सगळं गाळलं. पान स्वच्छ, नीटनेटकं दिसलं. मी मराठीत वाचून दाखवलं. मिसाळांनी कान देऊन ऐकलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पण हा माणूस कोण हाय?"

वत्सला तर उसळलीच. "आन् मधली वर्षं कुठं गेली? कोणी इचारलं तर काय सांगायचं, झोपले व्हते? ताई, जे हाय ते सगळं टाका. उगं चोरून काय?"

खरं सांगते, मला राग आला नाही. उलट अंगात वारं शिरल्यासारखं झालं. असं काम मला कुणी दिलंच नव्हतं! मी ते पान पुसलं आणि म्हटलं, "मिसाळ, पुन्हा पहिल्यापासून सांगा. यावेळी कुठं काम केलं ते नको. त्या कामात तुम्ही रोज हातानं काय करत होता, ते सांगा."

आता गंमत बघा. बाजूच्या कॉम्प्युटरवर एक शिक्षक निकालाचं काहीतरी बघत बसले होते. तंबूचं नाव निघताच ते खुर्ची फिरवून म्हणाले, "अहो, अंबडच्या जत्रेत मशीनवर तुम्हीच होता का? आम्ही कनातीखालून घुसायचो!"

"घुसणारी पोरं मला दिसायची गुरुजी," मिसाळ हसले. "पण मी मशीन सोडून येऊ शकत न्हवतो ना. कांडी विझली असती."

मग पलीकडचा झेरॉक्सवाला आला, पानटपरीवाला आला, एक बाई नुसती फॉर्म घ्यायला आली होती ती थांबली. कुणाला त्यांची जीप आठवली, कुणाला त्यांचा बूथ. "माझ्या पोराच्या जन्माची बातमी मी यांच्या बूथवरून दिली होती," फॉर्मवाली बाई म्हणाली. लोक आठवणी देत होते, मिसाळ खुलत होते, मी टाइप करत होते आणि वत्सला मधूनमधून दुरुस्त्या करत होती. "जनरेटर तुम्ही बिघडवला बी व्हता, ते सांगा." "मंग दुरुस्त बी मीच केला ना!"

त्या वेबसाइटवर प्रत्येक कामाला हुद्दा द्यावा लागे, कंपनीचं नाव द्यावं लागे, आणि यादीतून धंद्याचा प्रकार निवडावा लागे. तंबूवाल्याचा प्रकार त्या यादीत कुठून असणार? मी 'करमणूक' निवडलं. सगळ्यात अवघड होती नावाखालची ती एक ओळ. तिथं लोक 'मॅनेजर' लिहितात, 'इंजिनिअर' लिहितात. मिसाळांना काय लिहायचं? आम्ही सगळ्यांनी डोकं खाजवलं. शिक्षक म्हणाले, "बहुउद्देशीय कामगार." वत्सलाला ते अजिबात पटलं नाही. "हे काय सोसायटीचं नाव हाय व्हय?"

मी लिहिलेलं सगळं पुन्हा वाचलं. आणि मला ते दिसलं. तंबू असो, जीप असो, बूथ असो, कापसाचा प्लॉट असो, फिरून फिरून तीनच गोष्टी येत होत्या. माणसं जमवायची, मशीन चालू ठेवायचं, आणि दुसऱ्याला शिकवायचं. मी ओळ लिहिली, 'गावोगावी जाऊन माणसं जमवतो, मशीन चालू ठेवतो, शेतीचं काम शिकवतो.' इंग्रजीत ती तितकीशी ठसकेबाज झाली नाही, पण मोठ्यानं वाचली तेव्हा झेरॉक्सवाल्यानं टाळी वाजवली. मिसाळ उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. वत्सलानं विचारलं, "हे आता जगात दिसतंय?"

"दिसतंय."

"आत्ता?"

"आत्ता."

तिनं नवऱ्याची कॉलर सरळ केली. फोटो आम्ही अजून काढला नव्हता.

पण त्यानंतर काहीच घडेना. मिसाळ आठवड्याच्या बाजाराला जालन्यात आले की दुकानात येत, पान बघत, प्रिंटरचा रोलर बघत आणि जात. शेवटी एक उत्तर आलं. इथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या अधिकाऱ्याचं. त्यानं लिहिलं होतं की इतक्या ठिकाणी टिकला नाहीत तर आमच्याकडे काय टिकाल. ते मी जसंच्या तसं वाचून दाखवलं.

मिसाळ म्हणाले, "काढून टाका मॅडम. गावात म्हनत व्हते, ते ठीक व्हतं. आता जगात म्हनून ऱ्हायले."

मी माऊस हातात घेतला. वत्सलानं माझ्या हातावर हात ठेवला. "काढू नका," ती म्हणाली. "ज्याला टिकणारं पाहिजे त्यानं खांब रोवावा. माझा माणूस खांब न्हाई." आणि नवऱ्याकडे वळून, "चला. बस चुकंल."

पान राहिलं.

आणि मग ती दुपार आली. उन्हाळा होता, भारनियमन चालू होतं, आणि दुपारची लाइट जाण्याआधी सगळ्यांची घाई उडालेली. मिसाळ नवरा-बायको नेमके तेव्हाच दुकानात होते. मी पान उघडलं तर वरच्या कोपऱ्यात नवा निरोप. पाठवणारं नाव फरहाना, हैदराबादच्या एका बियाणे कंपनीत प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्या बाई. मी वाचू लागले, "आपलं पान आम्ही वाचलं. आम्ही परदेशात शेतकऱ्यांसाठी असा एक माणूस शोधत आहोत की जो..."

लाइट गेली.

लाइट गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा पीं पीं ओरडू लागला. मी घाईघाईनं पान खाली सरकवायला गेले आणि डबाही बंद पडला. स्क्रीन काळी. वत्सला ओरडली, "जो काय? जो काय ताई?"

"मला काय माहीत!"

"परदेश म्हनलं का त्यांनी?" मिसाळांनी विचारलं.

"म्हटलं."

लाइट यायला संध्याकाळ होणार होती. वत्सलानं कपाळावर हात मारून घेतला. मिसाळ मात्र दुकानात नव्हतेच. शेजारी मंडपवाल्याचं गोदाम होतं, ते थेट तिथं. मंडपवाला म्हणत होता, "अहो काका, तो जनरेटर मागच्या लग्नाच्या ऑर्डरपासून बंद पडलाय." मिसाळांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. प्लग काढला, रुमालानं पुसला, नळी तोंडात धरून फुंकली, थुंकले, पुन्हा जोडली. दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही. वत्सला बाजूला उभी राहून म्हणत होती, "जल्दी करा, जल्दी," जणू तो निरोप उडून जाणार होता. तिसऱ्यांदा जनरेटर खोकला, हादरला आणि धडधडू लागला. सगळ्या गल्लीनं गलका केला. झेरॉक्सवाल्यानं वायर आणली. कॉम्प्युटर चालू झाला तशी मी तो निरोप पुन्हा उघडला.

पूर्ण निरोप असा होता. कंपनी आफ्रिकेत, टांझानिया नावाच्या देशात, कापसाचं आणि मक्याचं काम करत होती. शेतकऱ्यांना शेतीच्या फिल्म दाखवायची गाडी खेड्याखेड्यात फिरवायची होती. गाडी चालवता यायला हवी, जनरेटर आणि प्रोजेक्टर सांभाळता यायला हवा, क्रॉसिंग हातानं करून दाखवता यायला हवं, आणि माणसं जमवता यायला हवीत. 'अशा चार वेगवेगळ्या माणसांची जाहिरात देण्याच्या विचारात आम्ही होतो,' बाईंनी लिहिलं होतं.

जनरेटरच्या आवाजात मला ओरडून वाचावं लागलं, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. मिसाळांच्या हाताला ऑइल लागलं होतं. ते तसेच दारात उभे होते, आत यायचंही त्यांना सुचत नव्हतं.

मुलाखत माझ्याच दुकानातून झाली, फोनवर, स्पीकर लावून. मी दारावर 'आज बंद' लावलं तरी झेरॉक्सवाला आणि शिक्षक आत होतेच. मला धाकधूक होती ती भाषेची. पण फरहाना मॅडम बोलल्या हैदराबादी हिंदीत आणि मिसाळ एकदम घरी आल्यासारखे झाले. आमच्याकडच्या माणसाला ती बोली काही परकी नाही.

"गाँव में लोग नहीं आए तो क्या करेंगे आप?" त्यांनी विचारलं.

"पहले पर्दा बांधने का मॅडम," मिसाळ म्हणाले. "मशीन बाद में. पर्दा दिखा तो बच्चे आते. बच्चों को ढूंढते मां आती. फिर बाप आता, के आज घर में रोटी क्यों नहीं बनी."

फोनमधून हसण्याचा मोठा आवाज आला. वत्सलानं तोंडाला पदर लावला.

"इतने काम किए आपने. सबसे अच्छा कौनसा लगा?"

मी खूण केली, बियाण्यांचं सांगा, बियाण्यांचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "जो सीखना पड़ा वो," ते म्हणाले. "आता था वो काम में मजा नहीं था."

त्यानंतर त्यांना हैदराबादला बोलावलं. तिथं एका खेड्यात प्रत्यक्ष खेळ लावून दाखवायचा होता. ते गेले त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ते परत आले तेव्हा वत्सला त्यांच्या पुढे चालत होती, हातात पेढ्यांचा पुडा. मी काय ते समजले. तरी मी विचारलंच, "काय झालं?"

"होऊन ऱ्हायलं की!" ती म्हणाली. "आता पासपोर्ट काढायचा हाय. फोटो तेवढा नीट काढा ह्यांचा."

मिसाळ परदेशी गेले त्या दिवशी स्टेशनवर त्यांच्या गावाहून जीप भरून माणसं आली होती. ज्यांनी त्यांना धरसोड्या म्हटलं तेच आता त्यांच्या गळ्यात हार घालत होते, आणि मिसाळ प्रत्येकाला नमस्कार करत होते, मनात काही न ठेवता. मला वाटलं, मी असते तर दोन शब्द सुनावले असते. गाडी हलली तेव्हा वत्सला रडली नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर ती म्हणाली, "चार्जर इसरले असतील, बघा."

काही दिवसांनी त्यांच्या पानावर नवा फोटो आला. दोन झाडांच्या मध्ये बांधलेला पांढरा पडदा, पुढ्यात बसलेली माणसं, आणि कोपऱ्यात, जनरेटरजवळ, वाकलेले मिसाळ. खाली त्यांनी स्वतः, एकेक अक्षर शोधून, मराठीच, पण इंग्रजी लिपीत टाइप केलं होतं. 'मॅडम, इथले लोक बी पिक्चर संपला तरी उठत न्हाईत.' मी तो फोटो मोठा करून छापला आणि दुकानात लावला. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात, ज्याचा शेवट मी पाहिला असा हा पहिला बायोडाटा. गिऱ्हाईकांना मी मुद्दाम तिकडे बघायला लावायची. अभिमान होता, लपवून काय करू?

वत्सला दर बाजाराला नवऱ्याचे निरोप वाचायला येत असे. एकदा निरोप आलेला नव्हता, तरी ती उठेना. मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात येईल, काळजी करू नका."

"काळजी न्हाई करून ऱ्हायले," ती म्हणाली. मग खुर्ची जवळ ओढून, "ताई, माझं बी एक लिव्हा."

"लिहू की! कुठं अर्ज करायचाय?"

"कुठंच न्हाई. मला माझी अंगणवाडी हाय. लग्न झाल्यावर धरली ती धरलीच, दुसरं काम केलं न्हाई." तिनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "ह्यांचं वाचलं तव्हा सगळं दुकान उभं ऱ्हाऊन ऐकत व्हतं. माझं कधी कोणी वाचलं न्हाई. तुम्ही लिव्हा आन् मला मोठ्यानं वाचून दाखवा. बस्, तेवढंच."

मी नवं पान उघडलं. तिचं नाव टाइप केलं. नावाखालच्या ओळीवर कर्सर लुकलुकत राहिला.

"काय लिहू, वत्सलाताई?"

"आधी पोरं लिव्हा," ती म्हणाली. "माझ्या हाताखालून गेलेली. नावं सांगते. सगळी पाठ हायेत मला."

आणि ती सांगू लागली. पहिल्या वर्षाची पोरं संपून दुसऱ्या वर्षाची सुरू झाली तेव्हा दारात दोन गिऱ्हाईकं येऊन उभी राहिली होती. मी मान वर न करता त्यांना म्हटलं, "बसा. वेळ लागेल."